गोधडीवरचा तिकोणा

'व' हे अक्षर एकदा कीबोर्डची की दाबल्यावर उमटलं आणि दुसऱ्यांदा बोट उचलल्यावर. मधे जेमतेम अर्धा सेकंद गेला असेल. मी पुन्हा दाबलं, एकच 'व'. पुन्हा, एकच. अकराव्या वेळी परत दोन. दाबताना नव्हे, उचलताना. हे मी वहीत लिहून ठेवलं, कारण तोवर आलेल्या तेवीस तक्रारींत सगळ्यांनी 'की दाबली की अक्षर दोनदा येतं' असंच लिहिलं होतं. उचलण्याबद्दल कुणीच काही म्हटलं नव्हतं.

"माझ्या अर्जात 'वविनंती' झालंय," बाबा मागून म्हणाले. "सोसायटीला वाटेल, शरच्चंद्र आता तोतरे झाले."

अर्ज पाण्याच्या टाकीबद्दल होता. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून लोणावळ्याच्या आमच्या सोसायटीला दर महिन्याला त्यांचा एक अर्ज जातो. घरात आम्ही दोघंच. त्यांच्या सनमायकाच्या टेबलावर मी आमचाच एक कीबोर्ड ठेवला होता, तक्रार आलेल्यांपैकी.

"याच्या किमतीत माझी पहिली स्कूटर आली होती," ते म्हणाले. "तिनं कधी माझं नाव दोनदा घेतलं नाही."

"सोमाटण्याला हाच कीबोर्ड व्यवस्थित चालतो, बाबा."

"आणि इथे चालत नाही."

"नाही."

"आमचा सिग्नल यार्डात चालायचा आणि घाटात पडायचा, तेव्हा आम्ही सिग्नलला शिव्या देत नसू. यार्डात असं काय आहे जे घाटात नाही, ते बघायचो." मग थोडं थांबून म्हणाले, "शिव्या पण द्यायचो."

यार्डात म्हणजे सोमाटण्याला, जुन्या हायवेलगत, एका प्लायवूडच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही कीबोर्ड जुळवतो. मी आणि माझा मामेभाऊ मुकुल. मी तळेगावच्या कॉलेजात चौदा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. मुकुलनं ते सोडायला लावलं. आमच्या कीबोर्डचं नाव 'तिकोणा'. वजन दोन किलोला थोडं कमी. अंग ॲल्युमिनियमचं, तळाला बाहेरून पितळेची पाटी. असला कीबोर्ड घेणारी माणसं वेगळीच असतात. ती त्याच्यावर काय लिहिलं हे सांगत नाहीत, आवाज कसा येतो हे सांगतात. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की कॅरमची सोंगटी कडेला न लागता सरळ भोकात जावी तसा आवाज आहे. मुकुलनं ते छापून भिंतीवर लावलंय.

आत माझी एक गोष्ट आहे. कीबोर्डची सर्किटची पाटी रबरी पट्ट्यांवर तरंगती ठेवलेली असते, म्हणजे बोटांना मऊ लागतं. संगणकाची केबल लावायची खाच मात्र तळाला पक्की असते. या दोघांना जोडायला सगळे एक छोटी वायर घालतात. ती जुळवताना चिमटते, कधी तुटते. मी वायर काढली आणि तळावर चार स्प्रिंगच्या पिना बसवल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. त्या खालून वर सर्किटला टेकून राहतात. झाकण बंद केलं की जोडणी झाली. मुकुलच्या जाहिरातीतली पहिली ओळ तीच होती: पोटात एकही वायर नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचा कीबोर्ड पिशवीत घालून मी लोकल धरली. मळवलीला भामाबाई चढल्या. त्या भाजे गावच्या. आमच्याकडे टेस्टिंग त्याच करतात. प्रत्येक कीबोर्ड संगणकाला जोडायचा, वरच्या डाव्या कीपासून खालच्या उजव्या कीपर्यंत क्रमानं दाबत जायचं, पडद्यावरची सगळी घरं हिरवी झाली की पास. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण कुठली की किंचित सैल बसलीय हे त्या आवाजावरून सांगतात. माझ्या उपकरणांना ते नंतर कळतं.

"ताई, पिशवीत परत त्योच का?"

"तोच."

"घरी बिघडतंय?"

"घरी बिघडतंय."

सोमाटण्याला पोचल्यावर त्यांनी तो कीबोर्ड हातात घेतला, पितळेची पाटी पदरानं पुसली, नेहमीसारखा टेबलावरच्या गोधडीच्या घडीवर ठेवला आणि सगळ्या की दाबल्या. सगळी घरं हिरवी. मग मी तिथेच बसून 'व' दोनशे वेळा दाबला. दोनशे 'व' आले.

"सासरी रुसतंय आणि माहेराला आलं की गुणाचं," चंपा म्हणाली. ती पॅकिंगला बसते, भामाबाईंच्याच आळीतली.

"तुझ्यावाणीच की गं," भामाबाई म्हणाल्या.

मी दमटपणावर संशय घेतला. लोणावळ्याची हवा सोमाटण्यापेक्षा नेहमीच ओली. तीन आठवडे मी दोन्हीकडे दिवसातून चार वेळा आर्द्रता मोजली आणि प्रत्येक वेळी दोनशे 'व'. तक्ता झाला. लोणावळ्यात हवा कोरडी होती त्या दिवशी सतरा चुका, धुकं होतं त्या दिवशी नऊ. सोमाटण्याला रोज शून्य. मग विजेचा दाब मोजला. मग बाबांचा संगणक सोमाटण्याला नेला आणि तिथला घरी आणला. शून्य तिथलं तिथेच राहिलं आणि चुका घरच्या घरीच. दर वेळी मी कीबोर्ड सोमाटण्याला उघडून पिना बघायची. चारही व्यवस्थित वर आलेल्या, चकाकत असलेल्या. ते बघून मला बरं वाटायचं. आणि बरं का वाटतंय, याचा मी विचार करायची नाही.

तक्रारींचंही काही जुळत नव्हतं. एकाच आठवड्यात, एकाच पेटीतून गेलेले दोन कीबोर्ड. एकाचा मालक रोज शिव्या देणारा, दुसऱ्यानं आपल्या मित्रासाठी आणखी एक मागवलेला. दोघंही बंगळुरूचे. इंटरनेटवर ज्यांनी परीक्षणं केली होती त्या सगळ्यांना तिकोणा निर्दोष वाटला होता.

मग एका गुरुवारी मुकुलनं मला खिडकीशी बोलावलं. त्याच्यापुढे परत आलेला एक कीबोर्ड उघडा पडला होता. आतल्या पांढऱ्या फोमवर, स्पेसबारच्या खाली, मसुराच्या डाळीएवढा लाल डाग होता.

"ताई, हे काय?"

"कुंकू."

खंडेनवमीला आमच्याकडेही अवजारांची पूजा झाली होती. स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगचं यंत्र, सगळ्यांना झेंडूची फुलं. आणि तयार होऊन ठेवलेल्या तीसेक कीबोर्डांना भामाबाईंनी स्पेसबारच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुसूनही घेतलं होतं. त्या वेळी फोटो काढणारा मुकुलच.

"यातून वीज वाहते?"

"कोरड्यातून नाही. मी मोजते."

मोजली. विजेला होणारा विरोध मीटरच्या पट्टीबाहेर गेला, म्हणजे ती वाहत नव्हती.

"आणि ओलं झालं तर?"

"तर थोडी."

"म्हणजे थोडी वाहते."

"मी तसं म्हटलं नाही, मुकुल."

"'थोडी' तूच म्हणालीस."

"आणि जुलैच्या तक्रारी? तेव्हा कुठे होती खंडेनवमी?"

"त्या वेगळ्या असतील. सुरुवातीला होतंच काहीतरी." तो थकलेला दिसत होता. रोज तक्रारींना उत्तरं तोच देत होता, आणि 'आम्ही तपास करत आहोत' याखेरीज त्याच्याकडे लिहायला काही नव्हतं. आता एक कारण सापडलं होतं आणि ते डोळ्यांना दिसत होतं. "सोमवारी दुसरी बॅच निघायचीय, ताई. टेस्टिंगला चंपाला बसवू."

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, कारण मला माहीत असलेली एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. माझ्या वहीत एप्रिलच्या एका पानावर एक ओळ आहे: 'पितळेसाठी तळ पातळ केला. पिनांचा दाब पुन्हा मोजणे. नाहीतर वायर.' पहिल्या नमुन्यात पितळ नव्हतं. ते नंतर आलं, भरीव आवाज यावा म्हणून, आणि ते बसवायला तळ मधोमध दीड मिलिमीटरपर्यंत खरवडून घेतला. त्यानंतर दाब मोजायचा राहिला. राहिला म्हणजे मी ठेवला. मोजला असता आणि कमी भरला असता तर वायर घालावी लागली असती, आणि पोटात एकही वायर नाही हे तोवर छापून झालं होतं. पुढच्या कितीतरी पानांवर मी नुसतं 'वायर?' असं लिहून ठेवलंय.

शुक्रवारी दुपारी मुकुलनं भामाबाईंना सांगितलं.

"मावशी, उद्यापासून तुम्ही पॅकिंगला. चंपा इकडे बसेल."

"का वो?"

"कुंकू आत गेलंय. त्यानं बिघडतायत."

"देवाचं कुंकू आत गेलं तर काय बिघडतंय? तुमच्या गाडीला बी मीच लावलंतं. गाडी बंद पडली व्हय?"

चंपानं तोंडाला पदर लावला. मुकुललाही हसू आलं असतं, पण त्यानं येऊ दिलं नाही. भामाबाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. कुंकवानं व्हतं का आसं?"

"अजून नक्की कळलेलं नाही," मी म्हटलं.

वाक्य खरं होतं. माझ्या विषयात ते सभ्य वाक्य समजतात. भामाबाई ते वाक्य पुढे काही येईल म्हणून जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग त्यांनी टेबलावरच्या गोधडीच्या चारही घड्या उचलल्या, एकीत एक घालून पिशवीत कोंबल्या.

"ह्या माज्या घरच्या हायेत," म्हणाल्या, आणि निघाल्या. पॅकिंगच्या टेबलाकडे नाही, जिन्याकडे.

सोमवारी मळवलीला भामाबाई चढल्या नाहीत.

चंपानं दहा वाजता टेस्टिंग सुरू केलं. दुसऱ्या बॅचचा पहिला कीबोर्ड पास झाला. दुसऱ्यात दोन घरं लाल. तिसऱ्यात एक. पाचव्यात अख्खी ओळ हिरवी झाली, लाल झाली आणि पुन्हा हिरवी. दुपारपर्यंत चोवीसपैकी अकरा नापास. या बॅचला कुंकवाचा स्पर्शही झाला नव्हता.

"मावशीचा तळतळाट लागला," चंपा म्हणाली. म्हणताना हसली, पण पुढची की तिनं जपून दाबली.

"तू दाबतेस कशी?" मुकुलनं विचारलं.

"बोटानं."

त्यानं स्वतः दाबून बघितलं. मग मी. बाबांचा कीबोर्ड मी कपाटातून काढला, जो इथे तीन आठवडे एकदाही चुकला नव्हता, आणि टेबलावर ठेवला. विसाव्या 'व'ला दोन 'व' आले. बोट उचलताना.

आता तर काहीच उभं राहीना. इतके दिवस माझ्या तक्त्यात निदान एक रकाना स्वच्छ होता. सोमाटणे, शून्य. तोही गेला. मी आर्द्रता बघितली, शुक्रवारसारखीच. वीज तीच, संगणक तोच, खोली तीच. मुकुल खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होता. मी टेबलावर हात ठेवून उभी होते, आणि हाताला टेबल गार लागलं. या टेबलाचा पत्रा मी मे महिन्यापासून बघितलेला नव्हता.

बाबांचं यार्डाचं आणि घाटाचं वाक्य आठवलं, पण आठवून मला हुशार वगैरे वाटलं नाही. मी गळ्यातली ओढणी काढली, तिच्या सहा घड्या घातल्या आणि कीबोर्डखाली सरकवल्या. दोनशे 'व'. ओढणी काढली, सात चुका. परत घातली, शून्य.

"हे काय चाललंय?" मुकुल म्हणाला.

मी कीबोर्ड उघड्या टेबलावर ठेवून तळाखाली मापाच्या पातळ पट्ट्या सरकवून बघितल्या. कडेला रबरी पायांपाशी दीड मिलिमीटरची फट होती, मधोमध एक पूर्णांक दोन दशांश. तीन दशांश मिलिमीटर. नखाच्या जाडीपेक्षा कमी. पितळेच्या वजनानं पातळ तळ मधे तेवढा खाली झुकत होता आणि त्याच्यावर बसवलेल्या पिना त्याच्याबरोबर खाली जात होत्या. बोट दाबलेलं असेतो सर्किट पिनांना टेकायचं. बोट उचललं की ते रबरावर किंचित उसळायचं आणि पिना तिथवर पोचायच्या नाहीत. मग की सुटल्याचा निरोपच संगणकाला मिळायचा नाही. त्याला वाटायचं, अजून दाबलेलीच आहे, म्हणून तो तेच अक्षर पुन्हा उमटवायचा. गोधडीत मात्र पाय रुतायचे आणि तळाला मधून आधार मिळायचा.

पितळ आलं एप्रिलमध्ये. पत्र्याच्या टेबलावर त्याला चरे पडतात म्हणून मे महिन्यात भामाबाईंनी आपण होऊन घरून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणल्या. आम्ही त्यांचं कौतुक केलं होतं. तेव्हापासून तिकोणा आमच्याकडे गोधडीवरच टेस्ट झाला, गोधडीवरच उघडला गेला. मी पिनाही बघायची त्या गोधडीवरच.

तक्रार न करणाऱ्या तिघांना मी फोन केले. तिघांच्याही टेबलावर जाड लोकरी मॅट होती. महागडा कीबोर्ड घेणारे बहुतेक घेतातच.

मुकुलनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो पितळेच्या पाटीवर बोट फिरवत होता. मग त्याचा चेहरा उजळला, आणि मला भीती वाटली.

"ताई, मग सोपं आहे. प्रत्येक खोक्यात एक गोधडी. मावळातली, हातानं टाके घातलेली. आधी गेलेत त्यांनाही पाठवू, भेट म्हणून. लोक वेडे होतील."

"दोष तसाच राहील."

"दिसणार नाही. आणि गोधडीवर तो खरंच चालतो. तूच दाखवलंस आत्ता."

मी वहीत बघत राहिले. तो खोटं बोलत नव्हता. चालत होता. मी स्वतः मोजलं होतं.

बुधवारी दुपारी त्याच्या गाडीनं आम्ही भाज्याला गेलो. भात झोडून झालं होतं. भामाबाई अंगणात ताडपत्रीवर पसरलेल्या भातावरून पायानं वळणं काढत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या नाहीत.

"या. बसा वट्यावर. च्या ठिवते."

"चहा राहू दे, मावशी," मुकुल म्हणाला. "काम आहे. तुमच्या त्या गोधड्या होत्या ना, टेबलावरच्या. तसल्या लहान घड्या आम्हाला हव्यात. दोनशे."

"दोनशे?" त्या थांबल्या. "एवढ्या कुणाला घालताय?"

"कीबोर्डाखाली. त्याच्यावर ते छान चालतात. आणि तुम्ही परत टेस्टिंगला या. सोमवारपासूनच या."

भामाबाईंनी पायाखालचं भात बघितलं, मग मुकुलला बघितलं.

"गोधडीवर बरं चालतंय म्हंता. मंग कुंकवाचं काय झालं?"

"ते सोडा आता, मावशी."

"सोडू कसं? चंपानं समद्या आळीत सांगितलंय, भामीनं कुंकू लावून कंपनी बुडवली म्हून. पानी भराया गेलते तर बाया इचारत्यात, आता कुनाला लावतीस गं." त्या हसल्या नाहीत. "माज्या सासूनं मला खंडेनवमी शिकवली. यंदा सुनंनं इचारलं, लावू का नगं इळ्याला. मी काय सांगू तिला?"

मुकुल मोबाईल काढून बघू लागला. त्यावर काही आलेलं नव्हतं.

भामाबाई ताडपत्रीवरून उतरून माझ्यापुढे आल्या. पायाला भाताचा भुसा लागला होता.

"ताई, त्या दिशी तुमी म्हनला, आजून कळल्यालं न्हाई. आजून बी कळलं न्हाई का?"

वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. काय बरोबर आणि काय चूक याचा गोंधळ माझ्या डोक्यात अजून तसाच होता. गोधडीवर तिकोणा चालतो हेही खरं होतं, आणि दोनशे गोधड्यांचं काम या बाईला मिळेल हेही. फक्त त्यांचा प्रश्न अगदी साधा होता आणि त्याचं उत्तर मला एप्रिलपासून माहीत होतं.

"कळलं, मावशी. कुंकवाचा काही दोष नव्हता. तुमचाही नव्हता. आतल्या पिना मी बसवल्यात, त्या चुकल्यात."

"ताई, गाडीत बोलू," मुकुल म्हणाला.

"नको, इथेच बोलते. पिना काढायच्या, मुकुल. वायर घालायची. आणि गेलेले एकशेचाळीसच्या एकशेचाळीस परत मागवायचे."